खुडूक बसलेला भात

न्हावरे,
११ डिसेंबर २०२५

सौ. अंजनावन्सं यांना सुलक्षणाचा नमस्कार.

पत्र लिहायला भाग पडलं त्याचं कारण सरळ आहे. वस्तीची डीपी, विजेचा ट्रान्सफॉर्मर, परवा दुसऱ्यांदा जळाली. हे तुम्हाला फोनवर सांगायला लागले, तर तुम्ही अंड्यांवर बसायला अडून बसलेल्या तुमच्या खुडूक कोंबडीचं सांगत बसलात आणि मग "रेंज न्हाई" म्हणून फोन ठेवलात. पत्राला रेंज लागत नाही.

डीपी का जळते हे शोधायला बाहेरचा माणूस नको. सकाळी प्रत्येक बादलीत हीटर, निम्म्या ओट्यांवर विजेची शेगडी, आणि विहिरींवरच्या मोटारी 'ऑटो'वर टाकलेल्या, म्हणजे लाईट आली रे आली की सगळ्या एका दमात सुरू. घरांना आणि विहिरींना डीपी मात्र एकच. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण एवढं समजायला तेही लागत नाही.

मारुतीच्या पारावर बैठक झाली. जालिंदरभाऊ म्हणाले, "वैनी, मोठी डीपी येणार हाय. तवर कळ काढा." मी विजेच्या ऑफिसात जाऊन विचारलं. प्रस्ताव रांगेत आहे, तोवर भार कमी करा, असं सांगितलं. ते मी पारावर सांगितलं तर सगळे उठून गेले.

यात बंद पडली ती धनश्रीची गिरणी. आपल्या रिकाम्या गोठ्यात सूनबाईंनी दसऱ्याला ती बसवली, तुम्हीच नारळ फोडला होता. कामावर जाणारी माणसं सकाळी दळण टाकतात आणि सकाळीच व्होल्टेज नसतं. मोटार घूं करते आणि बसते. माणसं डबे उचलून गावात जातात. शिमग्यापासून मिरची-मसाल्याचा हंगाम सुरू होईल. तोवर वीज सुधारली तर गिरणी टिकेल, नाहीतर विकावी लागेल.

तेव्हा सकाळचा भार कमी करणं हे काम मी हाती घेतलं आहे. शेजारच्या म्हाळसाबाईंकडे मेंढरांची लोकर पोत्यांनी पडून आहे. घोंगडी विणणारे राहिले नाहीत आणि व्यापारी विचारत नाही. ती मी धुतली, लाकडी पेटीत चारी बाजूंनी ठासली आणि तिला ऊबपेटी नाव दिलं. वस्तीवर माझं कोणी ऐकत नाही. मी बोलले की सगळ्यांना शाळा आठवते. तुमचं ऐकतात. तुम्ही या वस्तीच्या लेक आणि लहानथोर सगळ्यांच्या आत्या. तुम्ही वापरून चांगली म्हणालात तर बाया वापरतील.

म्हणून पहिली पेटी कांद्याच्या टेम्पोतून तुमच्याकडे पाठवते आहे. आत ठेवायचं, वरून लोकरीची उशी दाबायची, झाकण लावायचं आणि मध्ये उघडायचं नाही. काय ठेवायचं हे तुम्हाला सांगायला नको. अनुभव लगेच कळवा.

सुलक्षणा


केडगाव,
१६ डिसेंबर

सुलक्षणास अंजनाचा आशीर्वाद.

पेटी मिळाली. बघितली आन् डोळं भरून आलं बघ. तू माझ्या दादल्याच्या बोलण्याकडं ध्यान दिलं न्हाईस कधी, माझ्या बोलण्याकडंबी न्हाई, पण माझ्या कोंबडीकडं दिलंस. फोनवर मी म्हणले, पाटलीणबाई खुडूक झाल्यात, बसवायला धड जागा न्हाई, थंडी हाय, आन् तू गुमान ऐकून घेऊन लगी पेटी केलीस! एवढी वर्षं झाली तुला आमच्या घरात येऊन, पहिल्यांदा नणंदेच्या मनातलं वळखलंस.

अंडी ठेवली आन् वर पाटलीणबाईंना बसवलं. अशी ऐटीत बसली की तुला काय सांगू. लोकरीत पार गळ्यापत्तोर रुतली. फक्त एक चूक झाली तुझी. झाकण लावलं तर ती गुदमरंल की गं! तू कॉलेज शिकल्याली, येवढं कसं सुचलं न्हाई? मी झाकण काढून चुलीच्या मागं ठेवलंय. उशीबी काढली, ती ह्यांनी डोक्याखाली घेतली.

अनुभव पिल्लं निघाल्यावर कळवते.

डीपीचं कळलं. आन् एक इचारू का? टेम्पोवाला म्हणला, तुझा लेक सत्यजीत शिरूरला खोली बघतोय. तू तर पत्रात लिहिलं न्हाईस.

अंजना


न्हावरे,
२० डिसेंबर

वन्सं,

ती पेटी भात शिजवायची आहे.

भात. डाळ. मटकी. चुलीवर किंवा गॅसवर एक उकळी आणायची, थोडा वेळ चढू द्यायचं, मग पातेलं उतरवून पेटीत ठेवायचं. लोकर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे पुढचं शिजणं आतल्या आत होतं. शेगडी बंद, गॅस बंद. झाकण त्यासाठी आहे आणि उशीही त्यासाठी आहे. दाजींच्या डोक्याखाली ती कशाला हवी?

चूक माझीही आहे. "काय ठेवायचं हे सांगायला नको" असं मी लिहायला नको होतं. तुम्हाला सगळंच सांगावं लागतं हे मी विसरले.

कोंबडीला दुसऱ्या टोपलीत हलवा, पेटी उन्हात ठेवा, आणि आठवड्यात भात करून कळवा. इथे वेळ थोडा आहे.

खोलीचं मी लिहिलं नाही, कारण पत्राचा विषय वीज हा होता.

सुलक्षणा


केडगाव,
२७ डिसेंबर

सुलक्षणास आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे इतकं हसलं की ठसका लागून पाणी द्यावं लागलं. उशी मातुर द्यायला तयार न्हाईत. म्हणत्यात, मानंचं दुखणं गेलं.

आता ऐक. बसल्याली कोंबडी उठवायची नसती. तू मला पेटीचं शिकव, मला कोंबडीचं शिकवू नकोस. एकदा बसवली की तिच्या अंगाखालनं अंडी हलवायची न्हाईत, सारखं वाकून बघायचं न्हाई, कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. ऊब मोडली की सगळं वाया. बाळंतिणीला कुणी घर बदल म्हणतं का? जानेवारी उजाडला की पिल्लं निघतील. तवर तुझी डीपी थांबंल, न्हाई तर न्हाई थांबायची. पाटलीणबाई थांबायच्या न्हाईत.

तुला घाई असंल तर दुसरी पेटी कर. लोकर फुकटच हाय की.

आन् खोलीचा विषय वीज न्हाई, हे मला समजतं. मी सातवी पास हाय.

अंजना


न्हावरे,
६ जानेवारी २०२६

वन्सं,

कोंबडीची वाट पाहत मी बसले नाही. दुसरी पेटी केली. शिवाय अंघोळीच्या पाण्याचं काम केलं.

भंगारात द्यायला काढलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या गोठ्याच्या पत्र्यावर वेटोळं करून टाकल्या. दुपारी त्या नळीतलं पहिलं पाणी हाताला चटका देतं हे शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ते पाणी मी पिंपात जमा केलं आणि पिंपाला लोकर भरून जाड झूल शिवली. म्हाळसाबाई हसून हसून खाली बसल्या. "अवं बाई, पिंपाला झूल? पोळ्याला मिरवायचं हाय का?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना त्यातलं पाणी दिलं. न्हाऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आमच्याबी पिंपाला एक शिवा." लोकर त्यांची आणि शिवण माझी, असं ठरलं.

भाताचं मात्र बिनसलं. रविवारी वस्तीला पारावर बोलावलं, सगळ्यांसमोर पेटी उघडली. भात शिजला होता, पण त्याला मेंढराचा वास येत होता. लोकर धुताना मी घाई केली होती. जालिंदरभाऊंनी वाटी नाकाजवळ नेली आणि विचारलं, "वैनी, भात तर झाला. मटन कवा वाढताय?" सगळी वस्ती हसली. धनश्रीही हसली. मग गिरणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मोटारींचा 'ऑटो' काढून पाळीपाळीनं सुरू करायचं मी सुचवणार होते. ते कोणी ऐकायला थांबलंच नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सत्यजीतनं शिरूरला खोली पाहिली आहे. रांजणगावला नेणारी कंपनीची बस तिथून जवळ पडते. खोलीवाल्याला शिमग्यापर्यंत होय-नाही सांगायचं आहे. गिरणी चालली तर धनश्री इथून हलणार नाही. नाही चालली तर सत्यजीतनं रोजची ये-जा करत इथं राहण्यात अर्थ नाही, हे मलाही पटतं. मी त्यांना अडवणार नाही. घर मोठं आहे, एकटीला झाडलोट जास्त पडेल. तेवढंच.

सुलक्षणा


केडगाव,
१० जानेवारी

सुलक्षणास आशीर्वाद.

तुझं ते "तेवढंच" मी चष्मा लावून दोनदा वाचलं. हौसा गेला तवा सारी माणसं रडत हुती, आन् तू दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मला लिहिलंस, "विहिरीची मोटार दुरुस्तीला दिली." माझा भाऊ गेला आन् भावजय मोटारीचं लिहिती, म्हणून मी तवा लई रागावले हुते. मग कळलं, मोटारीचं सगळं तोच बघायचा. आता झाडलोटीचं लिहितेस. मला कळतंय. बस.

पिल्लं निघाली! नऊ हायत. दोन अंडी गेली. पाटलीणबाई अंगणात अशा फिरत्यात जशी काय पंचायत समितीची निवडणूक जिंकली.

पेटी मोकळी झाली. उन्हात टाकली, नवं फडकं लावलं, आन् तुझ्या म्हणण्यापरमाणं भात ठेवला. पहिल्या दिवशी तीनदा उघडून बघितला. कच्चा राह्यला. दुसऱ्या दिवशी परत हात शिवशिवाया लागला, तवा मी मनाला म्हणले, अंजने, कोंबडीला उठवत हुतीस का? मग भाताला कशाला उठवतीस? गुमान जाऊन शेंगा फोडत बसले. दुपारी उघडला तर एकेक शीत मोकळं, आन् वाफ अशी आली की चष्म्यावर धुकं धरलं. हे म्हणले, कुकरपरीस ग्वाड लागतोय. पण उशी तरी दिली न्हाई, मी गोधडीची घडी वापरली.

तुझी चूक सांगू? तू पारावर बोलावलंस. पारावर माणूस हसायलाच जातं. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपत्तोर चालतं. धनश्रीला म्हणावं, घरात कर. आन् वाण काय लुटायचं? लोकरीच्या दोन-दोन उशा. एक खाली, एक वर. टोपलं हरेक घरात हायच. फुकट वाटलंस तर बाया म्हणतील काय खपत न्हाई ते देतीय. पर वाण कुणाला नको म्हणता येत न्हाई, आन् माळ्यावर टाकूनबी देता येत न्हाई.

लोकर रिठ्यात भिजव, दोन पाण्यातनं काढ, करकरीत उन्हात वाळव. घाई करू नगंस. मी येते. मोकळ्या हातानं न्हाई यायची.

आन् तू आत सैपाकघरात बसायचं न्हाईस. दारात उभी राहून या-बसा तू करायचं.

अंजना


न्हावरे,
२८ जानेवारी

वन्सं,

तुम्हाला जाऊन आठवडा झाला. काही गोष्टी तोंडावर बोलता आल्या नाहीत, कारण तुम्ही बोलत होतात.

केडगावहून निघताना भात उकळून पेटीत ठेवायचा, चौफुल्याला एसटी बदलायची, कंडक्टरशी भांडून पेटी मांडीवर घ्यायची आणि इथं येऊन सगळ्या बायांसमोर उघडायची, ही तुमची कल्पना चांगली होती. वाफ आली. वास तांदळाचा आला, मेंढराचा नाही. वाढताना वाट्या कमी पडल्या. हे सगळं मी मान्य करते. पण "ही आमच्या कोंबडीची पेटी" अशी तिची ओळख करून देण्याची काय गरज होती? आणि मग सगळी हकीकत, झाकणासकट, दाजींच्या मानेसकट?

त्याचा परिणाम असा झाला आहे. वस्तीवर आता ऊबपेटी हा शब्द कोणी वापरत नाही. सगळ्या तिला कोंबडी म्हणतात. आज सकाळी जालिंदरभाऊंच्या मंडळींना कुंपणावरून कोणीतरी विचारलं, "भात ठेवला का?" तर त्या म्हणाल्या, "कवाच खुडूक बसवला. आता दुपारशिवाय उठायचा न्हाई." मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. मग लक्षात आलं की थट्टा नाही, त्या खरोखर तसंच म्हणतात. आणि कोणी मध्ये झाकण उघडत नाही. एका पोरीनं हात लावला तर तिची आजी ओरडली, "उठवू नगंस गं त्याला!" मध्ये उघडू नका हे मी पारावर किती वेळा सांगितलं होतं. तुमच्या पाटलीणबाईंचं ऐकलं, माझं नाही. असो. भात शिजला म्हणजे झालं.

पाण्याच्या पिंपांनाही झुली पाहिजेत म्हणून बाया येऊ लागल्या, तेव्हा म्हाळसाबाईंनी अट घातली. "ज्याच्या मोटारीचा ऑटो निघंल, त्याच्या पिंपाला झूल. लोकर माझी हाय." ही अट मी सुचवलेली नाही. पुरुषांनी दोन दिवस कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी मोटारींच्या पाळ्या लावायला पारावर बसले. मला बोलावलं. मी गेले आणि गप्प बसले, हे तुम्हाला खरं वाटणार नाही.

पाळ्यांचा निर्णय आपलाच असं जालिंदरभाऊ आता सांगत फिरतात. सांगू देत. त्यांनी स्वतःचा ऑटो सर्वांत आधी काढला.

तुम्ही जाताना सत्यजीतला दारामागे घेऊन काय सांगितलंत? तो सांगत नाही.

सुलक्षणा


केडगाव,
८ फेब्रुवारी

सुलक्षणास आशीर्वाद.

दारामागं काय बोलले ते आत्या-भाच्याचं हाय. तुला कशाला पायजे? खोलीचं काय बोलले न्हाई, येवढं सांगते. पोराला बांधून ठेवायचा माझा सोभाव न्हाई, तुझाबी न्हाई. गिरणी चालली तर राहील, न्हाई चालली तर जाईल, हेच बरोबर.

थट्टेचं मनाला लावून घेऊ नगंस. माणसं ज्याला हसत्यात त्याला इसरत न्हाईत. तुझं नाव चांगलं हुतं, पण ते वहीतलं हुतं.

इथं माझ्या शेजारणी मला दम देत्यात, आमालाबी कोंबडी पायजे म्हणून. म्हाळसाला इचार, लोकर उरलीय का. आमच्याकडं स्टेशनाजवळ बायांचा बचत गट हाय, त्या शिवतील. पैशाचं म्हाळसा आन् त्या बोलतील, आपण मधी पडायचं न्हाई.

व्होल्टेज सुधारलं का ते लिही. न्हाईतर परत झाडलोटीचं लिहिशील.

अंजना


न्हावरे,
५ मार्च

वन्सं,

व्होल्टेज सुधारलं.

मोठी डीपी अजून आलेली नाही. आहे ती जळालेली नाही. सकाळी तिच्याखालून जाताना पूर्वी जो गुंई आवाज यायचा तो येत नाही. गिरणी सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते. गेल्या आठवड्यापासून मिरची येऊ लागली आहे. पलीकडच्या दोन वस्त्यांवरच्या बायाही येतात. दळण होईपर्यंत ओसरीवर बसतात, उशा कशा शिवायच्या ते म्हाळसाबाईंना विचारतात, आणि म्हाळसाबाई सांगण्याआधी त्यांच्याकडून मिरच्यांचे देठ काढून घेतात. धनश्रीचे डोळे, नाक आणि आवाज तिन्ही बिघडलेले आहेत. इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती.

होळीत टाकायला सत्यजीतनं घरातला हीटर काढला होता. सगळी पोरं टाळ्या वाजवत होती. मी तो हातातून काढून घेतला. धातू आणि प्लास्टिक होळीत जाळत नाहीत. मग त्यानं त्या हीटरला हळदीकुंकू लावून नारळ दिला आणि भंगारवाल्याच्या पोत्यात ठेवला. हा वाह्यातपणा कुठून आला हे मी ओळखते. दारामागचं थोडं थोडं कळू लागलं आहे.

धुळवडीच्या दिवशी त्यानं खोलीवाल्याला फोन लावला. मी ओसरीवर मिरच्या निवडत होते. ऐकायला गेले नव्हते, ऐकू आलं. "न्हाई काका, न्हाई जमायचं," तो म्हणाला. "बायकोची गिरणी हाय इथं. आन् आई हाय." मग तिकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तो हसून म्हणाला, "न्हाई हो, आई ठणठणीत हाय. म्हणून तर."

मिरचीचा ठसका वाईट असतो. डोळ्यांतून पाणी येतं. धनश्रीनं तांब्या आणून दिला आणि शेजारी बसून देठ काढू लागली. पाटी संपली तेव्हा जेवायची वेळ झाली होती आणि भात आपोआप झालेला होता.

आज कांद्याच्या टेम्पोतून तुमच्याकडे पाठवलेल्या वस्तू खालीलप्रमाणे. मिळाल्यावर याच कागदावर पोच लिहून टेम्पोवाल्याच्या हाती परत द्या.

म्हाळसाबाईंकडची लोकर, रिठ्यात दोनदा धुतलेली, बचत गटासाठी, तीन पोती.
पेटी एक, तुम्ही इथे विसरलात ती. झाकणासकट. रिकामी.
लोकरीची उशी एक, दाजींच्या मानेसाठी. जुनी पेटीत परत ठेवावी.
धनश्रीच्या गिरणीतला पहिला काळा मसाला, बरणी एक.
आणि सत्यजीतनं त्या दिवशी खोलीवाल्याला 'नाही' कळवल्याची खबर. ती वर लिहिली आहे, पण इथंही नोंदवते.

सुलक्षणा

पोच. केडगाव, ६ मार्च. लोकर मिळाली, बरणी मिळाली, खबर मिळाली. उशी ह्यांनी पोत्यातनंच काढून घेतली, जुनीबी देत न्हाईत. पेटी मिळाली, पर रिकामी म्हणून लिहू नगंस. उतरवून अंगणात ठेवली तवर पाटलीणबाई परत जाऊन बसल्या. आता उठवता यायचं न्हाई. अंजना.